आहेर, यादी आणि इच्छासूची : भेट मागण्याच्या भाषेविषयी काही विचार

मराठीत ‘भेट’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणसांचे एकत्र येणे हा एक, आणि एकाने दुसऱ्याला दिलेली वस्तू हा दुसरा. ‘भेट देणे’ ह्या क्रियापदात तर हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘आम्ही संग्रहालयाला भेट दिली’ ह्या वाक्यात आम्ही तेथे गेलो इतकेच सांगितलेले आहे; ‘आम्ही संग्रहालयाला जुनी नाणी भेट दिली’ ह्या वाक्यात नाणी तेथे गेली, आम्ही गेलो की नाही ह्याविषयी वाक्य मौन पाळते. ह्या दुहेरी अर्थात एक सामाजिक गृहीत दडलेले आहे, ते असे की वस्तू देणारा ती स्वतः घेऊन येतो. आज हे गृहीत पुष्कळ अंशी सुटले आहे. पुण्यातील मावशीने सिॲटलमधील भाचीसाठी घेतलेली वस्तू तिसऱ्याच गावच्या गोदामातून निघते आणि चौथाच कोणी ती दारात ठेवून जातो. इतकेच काय, वस्तूची निवडही आता सर्वस्वी मावशीकडे राहिलेली नाही. कारण भाचीने आपल्याला काय काय हवे आहे त्याची यादी आधीच आंतरजालावर करून ठेवलेली असते व तिचा दुवा सर्वांना पाठविलेला असतो. अशा यादीला ‘विशलिस्ट’ हे इंग्रजी नाव मराठी बोलण्यात रूढ होऊ लागले आहे. प्रस्तुत लेखात तिला सोयीसाठी ‘इच्छासूची’ म्हटले आहे. ह्या साधनाने भेट देणे सोपे होते, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. ते खरे आहे, असे मलाही वाटते. परंतु ते कोणासाठी सोपे होते, आणि मराठी बोलणाऱ्याला त्याचा संकोच नेमका कोठे वाटतो, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

प्रथम साधनाचे स्वरूप पाहू. इच्छासूची करणारा मनुष्य दुकानाच्या संकेतस्थळावरील किंवा स्वतंत्र ॲपवरील आपल्या खात्यात वस्तू नोंदवितो. प्रत्येक नोंदीपुढे किंमत असते. बहुधा आपल्याला किती नग हवेत, त्यांपैकी किती मिळाले आणि ही वस्तू किती निकडीची आहे, हेही लिहिण्याची सोय असते. काही साधनांत एकाच दुकानातील वस्तू घालता येतात, तर काहींत कोणत्याही दुकानाचा दुवा चालतो. सूची खाजगी ठेवता येते, दुवा देऊन निवडक माणसांना दाखविता येते, अथवा सर्वांसाठी खुली करता येते. ह्यानंतरची योजना विशेष चतुर आहे. एखाद्या नातलगाने वस्तू विकत घेतली किंवा ‘ही मी घेतो’ अशी खूण केली, की ती खूण इतर नातलगांना दिसते. सूचीच्या मालकाला मात्र ती दिसू नये अशी व्यवस्था करता येते. म्हणजे दोघांनी एकच वस्तू आणण्याचा प्रसंग टळतो आणि नवलही थोडे शिल्लक राहते. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो एकटाच अज्ञानात. बाकी सारे जाणकार. अज्ञानाची इतकी काळजीपूर्वक आखणी दुसऱ्या कोणत्या यादीत असेल असे मला वाटत नाही.

ह्या योजनेचा उगम अमेरिकेतील विवाहभेटींत आहे. शिकागो येथील मार्शल फील्ड्स ह्या मोठ्या दुकानाने १९२४ साली वधूंसाठी नोंदवही ठेवण्यास प्रारंभ केला. वधूने दुकानात येऊन चिनी मातीची भांडी, काचसामान, चांदीचे काटेचमचे ह्यांतील आपल्या पसंतीचे नमुने नोंदवावयाचे आणि पाहुण्यांनी त्यांतूनच काही घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. भांड्यांचा संच एकाच नमुन्याचा असावा लागतो व तो अनेकांच्या देणगीतून पुरा व्हावयाचा असतो, ही तिच्यामागील व्यावहारिक अडचण. १९९३ मध्ये टार्गेट ह्या दुकानसाखळीने ही नोंदणी दुकानातील संगणकावर आणली आणि त्याच दशकाच्या अखेरीस ॲमेझॉनसारख्या विक्रेत्यांनी ती घरबसल्या, विवाहाचे निमित्त नसतानाही, कोणालाही करता येईल अशी केली. दुकानदाराचा ह्यातील स्वार्थ उघड आहे. त्याचा ऊहापोह येथे करीत नाही.

आता उपयुक्ततेविषयी. १९९३ मध्येच जोएल वॉल्डफोगेल ह्या अर्थशास्त्रज्ञाने ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात एक लेख लिहिला. नाताळात मिळालेल्या भेटींची किंमत स्वतः घेणाऱ्याच्या लेखी किती भरते, असे त्याने विद्यार्थ्यांना विचारले होते. देणाऱ्याने खर्च केलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचे मूल्य वाटेतच नष्ट होते, असा त्याचा अंदाज होता. ह्या लेखाची पुष्कळ थट्टा झाली. पण ज्याच्या घरी लग्नानंतर सात भिंतीवरची घड्याळे आणि अकरा लिंबूसरबताचे संच येऊन पडले, त्याला ती थट्टा फारशी पटणार नाही. पुढे २०११ साली फ्रान्चेस्का जीनो व फ्रान्सिस फ्लिन ह्यांनी प्रयोगांतून असे दाखविले की, मागितलेली भेट घेणाऱ्यांना न मागितलेल्या भेटीपेक्षा अधिक आवडते. देणाऱ्यांना मात्र असे वाटत असते की, आपण स्वतः शोधून आणलेली वस्तूही तितकीच आवडेल. २०१६ मध्ये वॉर्ड व ब्रोनियार्झिक ह्या संशोधिकांनी ह्याला एक मार्मिक पुस्ती जोडली. यादी सोडून स्वतःच्या मनाने वस्तू निवडण्याकडे कल असतो तो परक्यांचा नव्हे, निकटच्या मित्रांचा. आपण ह्या माणसाला ओळखतो, हे त्यांना भेटीतून दाखवावयाचे असते आणि यादीतील वस्तू घेऊन ते दाखविता येत नाही.

ह्या शेवटच्या निष्कर्षाचा धागा मराठी मनाला लगेच सापडेल. ‘तुला काय आवडतं ते मला ठाऊक नाही का?’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमाचे प्रमाणपत्र आहे. ‘तुला काय हवं?’ असे विचारावे लागणे ही ओळख अपुरी असल्याची कबुली ठरते, आणि न विचारता सांगणे ही तर पायरी सोडणे. मग प्रश्न असा की, आपल्याला काय हवे आहे हे सांगण्याची सोय मराठी भाषेत कशा प्रकारे आहे?

व्याकरण पाहिले तर सोय उत्तम आहे. किंबहुना ती मागण्याची लाज झाकणारी आहे. ‘मला पुस्तक हवे’, ‘मला छत्री हवी’, ‘मला चष्मा हवा’ ह्या वाक्यांत इच्छा करणारा कर्त्याच्या जागी नसतो. तो चतुर्थीत असतो आणि ‘हवा-हवी-हवे’ हे रूप वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. वाक्याचा कारभार जणू वस्तूच पाहते, इच्छा करणाऱ्याकडे ती नुसती येऊन थांबते. ‘पाहिजे’चा इतिहास तर अधिक बोलका आहे. जुन्या मराठीतील ‘-इजे’ प्रत्ययाच्या कर्मणी रूपांपैकी हे एक अवशिष्ट रूप होय; ‘म्हणजे’ हे दुसरे. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिले जाते’, ‘पाहिले जावे’. कोण पाहतो, कोण शोधतो, ह्याविषयी ते रूप काहीच सांगत नाही. ह्याच्या उलट ‘मागणे’ हे क्रियापद घ्या. ‘मी तुझ्याकडे छत्री मागतो’ म्हटले की कर्ता आला, ज्याच्याकडे मागावयाचे तो आला आणि दोघांमधील उच्चनीचभावही आला. ‘मागणारा’, ‘मागते’, ‘मागून खाणे’ ह्या शब्दांना जी छाया आहे ती ‘हवे’ला नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मला हवे’ मधील ‘मला’ आणि ‘मला दिले’ मधील ‘मला’ ह्यांची विभक्ती एकच आहे. इच्छा करणारा आणि दान घेणारा एकाच आसनावर बसतात. पाणिनीने दानक्रियेतील उद्दिष्टाला ‘संप्रदान’ ही संज्ञा दिली आणि टीकाकारांनी तीवर पुष्कळ खल केला. परटाला कपडे दिले तर तो संप्रदान होतो काय? काहींच्या मते नाही, कारण कपड्यांवरचे स्वामित्व आपण सोडलेले नसते. मग शिष्याला चपराक देणाऱ्या उपाध्यायाचे काय? महाभाष्यात तेथेही चतुर्थीच येते, आणि चपराकीवर उपाध्यायाने स्वामित्व राखले की सोडले हे ठरविणे कठीण आहे. विनोद सोडला तरी मुद्दा महत्त्वाचा आहे : देणे ह्या क्रियेत वस्तू हलते की स्वामित्व हलते, हा प्रश्न वैयाकरणांना प्राचीन काळीच पडला होता. मार्सेल मोस ह्याने १९२५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याला तिसरे अंग जोडले. देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने त्याने सांगितली व वस्तूबरोबर ऋणही हलते हे दाखविले. १९५१ साली एमिल बेनव्हेनिस्त ह्याने हेच शब्दसंग्रहातून मांडले. संस्कृतात देण्याचा अर्थ दाखविणारा ‘दा’ धातू हित्ती भाषेत घेण्याचा अर्थ दाखवितो, ही त्याची साक्ष. मराठी वाचकाला इतक्या दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडे ‘देणे’ हे नाम म्हणून वापरले की त्याचा अर्थ ‘कर्ज’ असाही होतो.

इच्छा सांगण्याची सोय व्याकरणात असली, तरी ती वापरण्याचा परवाना प्रसंगागणिक निराळा असतो. आपल्या भेटवाचक शब्दांत हे स्पष्ट दिसते. नजराणा खालून वर जातो, बक्षीस वरून खाली येते. संक्रांतीचे वाण सर्व सवाष्णींना सारखेच. तेथे निवडीला वावच नाही, म्हणून तर ते ‘लुटणे’. खाऊ मात्र मूल हक्काने मागते. भाऊबीजेला बहीण ‘ओवाळणीत मला अमुक हवे’ असे तबक हाती धरून सांगू शकते, आणि तिने तसे सांगितले नाही तर भावालाच चुकल्यासारखे वाटते. गुरुदक्षिणेत तर गुरूने सांगावे अशीच अपेक्षा. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील वरतंतूची कथा सर्वांना ठाऊक आहे. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरू सांगत होता; कौत्साने हट्ट धरला तेव्हा त्याने चिडून चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. ‘काहीही आणू नका हं’ ह्या वाक्यावर अधिक ताणून धरणाऱ्या पाहुण्यांनी ही कथा आठवावी. आहेराच्या बाबतीत मात्र घेणाऱ्याने इच्छा सांगण्याचा परवाना नाही. नकार सांगण्याचा आहे! ‘आहेराचा स्वीकार केला जाणार नाही’, ‘कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत’ ही वाक्ये निमंत्रणपत्रिकेवर छापली जातात आणि ती सुसंस्कृतपणाची खूण मानली जातात. ‘कृपया मिक्सर आणावा’ असे छापलेले आजवर माझ्या पाहण्यात नाही. न आणण्याची सूची चालते, आणण्याची चालत नाही.

एका प्रसंगी मात्र आपल्या समाजाने इच्छासूचीला पूर्ण मान्यता दिलेली आहे, तो म्हणजे डोहाळे. संस्कृत ‘दोहद’ पासून प्राकृतद्वारा आलेला हा शब्द. गरोदर स्त्रीला काय खावेसे वाटते, काय पाहावेसे वाटते, ह्याची विचारपूस करणे हे घरच्यांचे कर्तव्य आणि ते पुरविणे हा त्यांचा मान. तिचे स्वतःचे ‘हवे’ येथे ‘लागले’ होते : ‘तिला चिंचेचे डोहाळे लागले’. तहान लागते, भूक लागते, तसे डोहाळे लागतात. म्हणजे मागण्याची जबाबदारी तिच्यावर उरत नाही. तरीही ती बोलत नसेल तर? रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात कालिदासाने हा पेच फार नाजूकपणे सोडविला आहे. सुदक्षिणा लाजेने आपली इच्छा सांगत नाही, म्हणून दिलीप तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारीत राहतो, हिचे मन कोणकोणत्या वस्तूंवर आहे? घेणारीने सांगावयाचे नाही, देणाऱ्याने तिला विचारावयाचे नाही आणि मधल्या व्यक्तीने दोघांची अडचण दूर करावयाची. आंतरजालावरील इच्छासूची सख्यांचेच हे काम करते, असे म्हणता येईल. फरक इतकाच की, सखी काय सांगावे आणि काय गाळावे हे जाणते; सूची सर्वांना सर्व सांगते.

ह्यापुढील भाग थोडा अप्रिय आहे, पण तो टाळून ह्या विषयाचा विचार होऊ शकत नाही. महाराष्ट्रात विवाह आणि यादी ह्यांचे नाते शिकागोच्या नोंदवहीला उसने मागावे लागत नाही. ‘यादी’ हा शब्द स्मरण ह्या अर्थाच्या फारसी ‘याद’ शब्दापासून आला. यादी म्हणजे आठवणीची चिठ्ठी. लग्न ठरले की दोन्ही पक्षांचे वडीलधारे एकत्र बसून कोणी काय द्यावयाचे, मानपान कोणाचा किती, हे लिहून काढीत. त्या कागदांना हळदकुंकू लागे आणि त्यांची अदलाबदल होई. ‘याद्या झाल्या’ ह्याचा अर्थ लग्न पक्के झाले. याद्यांच्या बैठकीतच लग्न उरकले तर ‘यादीपे शादी’. पुढे मांडवात दुसरी यादी होई. आहेराची वही घेऊन घरचे कोणीतरी कोपऱ्यात बसे आणि कोणी काय आणले ते नावानिशी टिपून घेई, कारण ते पुढेमागे तितकेच परत करावयाचे असे. पहिली यादी भविष्याकडे पाहणारी, दुसरी भूतकाळाकडे; पहिलीत करार, दुसरीत ऋण. घेणाऱ्याच्या इच्छेची यादी ह्या दोहोंत कोठेच नव्हती. वधूच्या इच्छेची तर नव्हतीच नव्हती.

आणि पहिल्या यादीच्या आधारानेच हुंडा मांडवात शिरला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे, घेणे व मागणे हे गुन्हे ठरविले. ह्या कायद्याची भाषा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. त्यानुसार प्रत्यक्ष मागणीबरोबर अप्रत्यक्ष मागणीही शिक्षेस पात्र आहे. विवाहप्रसंगी वधूला वा वराला दिलेल्या भेटींना मोकळीक आहे, परंतु दोन अटींवर. त्यांच्याविषयी कोणतीही मागणी केलेली नसावी आणि त्यांची नियमांप्रमाणे यादी ठेवलेली असावी. २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू झालेल्या नियमांत ह्या यादीचा तपशील दिला आहे. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवावी, वराला मिळालेल्यांची वराने. ती लेखी असावी. प्रत्येक भेटीचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि तो नातलग असल्यास नाते ही तीत असावीत. तिच्यावर वधू व वर दोघांच्याही सह्या असाव्यात. म्हणजे आहेराच्या वहीला कायद्याने प्रमाणपत्राचा दर्जा दिला आणि मागणीच्या यादीला गुन्ह्याचा. अशी रीतसर यादी ठेवणारी किती घरे आपल्या परिचयात आहेत, ह्याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी द्यावे.

मग इच्छासूची ही मागणी आहे काय? ऑस्टिन ह्याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वाक्याचा अर्थ आणि वाक्याने घडणारी कृती ह्यांत भेद केला. सर्ल ह्याने १९७५ मध्ये दाखविले की, एका कृतीचे रूप घेऊन दुसरी कृती करता येते. ‘इथे फार उकडतंय’ हे विधानही असू शकते आणि पंखा लावण्याची विनंतीही. इच्छासूचीतील ‘चष्मा, १ नग’ ही नोंद खाजगी असेल तर ते केवळ स्मरण होय. तीच सूची दुव्याने पाठविली की ती विनंतीच्या जवळ जाते. कोणी, कोणाला आणि कोणत्या निमित्ताने पाठविली, ह्यावर ती मागणीही होऊ शकते. एक खूण बदलताच उक्तीची शक्ती बदलते, असे उदाहरण ऑस्टिनला मिळाले असते तर त्याला आनंद झाला असता. मैत्रिणींनी एकमेकींना पाठविलेली सूची आणि वरपक्षाने वधूपित्याला पाठविलेली सूची ह्यांत शब्द तेच असतील, कृती ती नसेल. दुसरीला ‘विशलिस्ट’ हे गोंडस नाव दिल्याने ती कायद्याच्या ‘अप्रत्यक्ष’ ह्या शब्दाबाहेर जाईल, असे मला वाटत नाही. अखेरचा निर्णय अर्थात न्यायालयांचा.

सभ्यतेविषयीच्या उपपत्तीतही येथे एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ब्राउन व लेव्हिन्सन ह्यांच्या १९७८ मधील विवेचनाने असे सामान्यतः मानले जाते की, मागणे जितके आडवळणाने तितके ते सौम्य. कारण ऐकणाऱ्याला ते न ऐकल्यासारखे करता येते. मराठी लग्नघरातील पुढील वाक्य ह्या कसोटीवर घासून पाहावे : ‘आमचं काही मागणं नाही, तुम्ही तुमच्या मुलीला जे द्याल ते द्या.’ पहिल्या अर्ध्या भागात मागण्याचा स्पष्ट नकार आहे. दुसऱ्यात आज्ञार्थ आहे, आणि त्याला कर्म म्हणून एक अमर्याद ‘जे’ जोडलेला आहे. ह्या वाक्याला नाही म्हणता येत नाही, कारण त्यात काही मागितलेलेच नाही. त्याला पुरेही म्हणता येत नाही, कारण किती ते सांगितलेले नाही. जावयाच्या रुसव्याची रीतही हीच होती; रुसणारा बोलत नसे, बोलावयाचे ते इतरांनी ओळखावयाचे असे. वळण जितके आड तितके मागणे मोठे. ज्या ठिकाणी बळ एकाच बाजूला असते तेथे आडवळणाचा फायदा बोलणाऱ्यालाच मिळतो, ऐकणाऱ्याला नाही. ह्याच्याशी तुलना करता ‘चष्मा, १ नग, ८०० रुपये’ ही रोकडी नोंद मला अधिक सभ्य वाटते. ती पाहून दुसरे काही घेता येते, काहीच न घेता येते आणि आपण ती पाहिली की नाही हेही झाकून ठेवता येते. अर्थात ही मोकळीक समानांमध्येच खरी. सूचीतील सर्वांत स्वस्त वस्तू बारा हजारांची असेल तर मोकळीक कागदावरच राहते. म्हणून सूची करणाऱ्याने खालच्या किमतीच्या वस्तू भरपूर ठेवाव्यात आणि महाग वस्तू अनेकांनी मिळून घ्यावी असे तेथेच लिहावे.

किमतीचा संकोच हा निराळा. भेटीवरील किमतीची चिठ्ठी काढून टाकण्याचा आपला शिरस्ता आहे. सूचीत तर किंमतच प्रथम दिसते. तथापि लग्नाच्या पाकिटात पाचशे एक रुपये घालताना, आणि त्या एका रुपयाचे नाणे पाकिटावर चिकटविलेले असताना, आपल्याला किमतीचा संकोच होत नाही. तेव्हा ह्या संकोचाला फार खोल तत्त्व मानण्याचे कारण नाही.

खरी अडचण भेट हाती पडल्यानंतरची आहे. मराठीत भेट स्वीकारण्याचे वाक्य ठरलेले आहे : ‘अहो, कशाला आणलंत!’ ते तक्रारीचे रूप घेऊन आभाराचे काम करते. उत्तरही ठरलेले : ‘काही विशेष नाही हो, सहज.’ इच्छासूचीने ही दोन्ही वाक्ये निकामी केली आहेत. ज्या वस्तूचा रंग, माप आणि दुवा आपणच दिला, तिच्याविषयी ‘कशाला आणलंत’ म्हणणे हास्यास्पद. आणि जिची किंमत दोघांनाही ठाऊक, तिला ‘काही विशेष नाही’ म्हणणेही. परदेशातील मराठी कुटुंबांत डोहाळजेवणाच्या निमंत्रणाबरोबर बाळासाठीच्या वस्तूंच्या सूचीचा दुवा येतो तेव्हा इकडील वडीलधाऱ्यांना जे चमत्कारिक वाटते, त्याचे एक कारण आपले ठरलेले संवाद हातून जातात हे असावे. दुव्याबरोबर पाठविलेले शब्द ह्या दृष्टीने पाहण्यासारखे असतात. ‘मावशी, यातलंच काही घ्यायला हवं असं मुळीच नाही, पण लहान घर आहे, दोनदा एकच वस्तू आली तर ठेवायची कुठे, म्हणून पाठवत्ये.’ येथे आधी सूट दिली आहे, मग मागण्याचे कारण इच्छेकडून जागेकडे वळविले आहे आणि शेवटी ‘मागत्ये’ ऐवजी ‘पाठवत्ये’ असे साधे क्रियापद घातले आहे. सुदक्षिणेच्या सखीने ह्याहून वेगळे काही केले नसते. मावशीचे उत्तरही तितकेच कसलेले असते : ‘ते सगळं घेतील गं बाकीचे, मी आपली दुपटी शिवते.’ वॉर्ड व ब्रोनियार्झिक ह्यांच्या निष्कर्षाला इतके नेमके मराठी भाषांतर मिळणे कठीण.

मराठीत अशी साधने घडविणाऱ्यांसाठी शब्दयोजनेच्या दोनतीन सूचना करून हा लेख थांबवितो. सूचीच्या शिरोभागी ‘मागणी’ हा शब्द टाळावा; व्यापारात तो निरुपद्रवी असला तरी विवाहसंदर्भात तो कायद्याचा शब्द आहे. ‘इच्छासूची’ लेखात शोभते, पण घरात कोणी म्हणणार नाही. ‘हवे असलेले’ हे शीर्षक पुरेसे आहे व ते कर्त्याला आड ठेवते. वस्तू राखून ठेवण्याच्या कळीवर ‘आरक्षित करा’ असे सरकारी रूप न घालता ‘मी आणतो’ आणि ‘मी आणते’ अशी दोन रूपे द्यावीत, किंवा लिंगभेद टाळावयाचा असल्यास ‘हे माझ्याकडे’ असे लिहावे. आणि यादी विवाहाची असेल तर भेटी पोचल्यावर त्याच नोंदींतून वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते असलेला, वधू व वर ह्यांच्या सह्यांसाठी जागा सोडलेला तक्ता छापून मिळण्याची सोय करावी. संगणकाला ते अवघड नाही.